चित्रकार रेन्वारचें दुखणें आणि त्याचें घर

रोगांचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर बहुधा साथींवर खिळलेली असते. प्लेग, पटकी, देवी ह्यांनीं शहरें ओस पाडलीं, सैन्यें परत फिरविलीं, राज्यांचे निकाल बदलले. तेव्हां त्यांस इतिहासांत मानाचें पान मिळालें ह्यांत नवल नाहीं. परंतु दुसऱ्या जातीचेहि रोग आहेत. ते दरोडा घालीत नाहींत, बिऱ्हाड करून राहतात. सांध्यांचे जुनाट विकार ह्या वर्गांतले. अशा दुखण्याला तारीख नसते, लढाई नसते, जयपराजय नसतो. त्याचा इतिहास घडतो तो दाराच्या कडीशीं, सदऱ्याच्या गुंडीशीं, पाण्याच्या तांब्याशीं आणि जिन्याच्या पायरीशीं. आणि म्हणूनच तो सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं.

ह्याला एक ठळक अपवाद आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान्य नांवाचें गांव आहे. तेथील ऑलिव्हच्या एका जुन्या बागेंत ऑग्युस्त रेन्वार ह्या जगप्रसिद्ध चित्रकारानें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें आमवातानें जखडलेल्या शरीरानिशीं काढलीं. तो थोर होता म्हणून त्याच्या घरांतील बारीकसारीक गोष्टीहि टिपल्या गेल्या. मुलानें आठवणी लिहिल्या, पाहुण्यांनीं छायाचित्रें काढलीं, एकानें तर चलच्चित्रहि घेतलें. त्यामुळें एरवीं भिंतींआड राहून जाणारी दीर्घ शुश्रूषेची हकीकत येथें आपणांस जवळून पाहतां येते. रेन्वारच्या कलेचें गुणदोषविवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. त्या दुखण्यानें एका घराची दिनचर्या कशी बदलली, आणि त्या घरानें दुखण्याला काय उत्तर दिलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम रोगाची थोडी ओळख करून घेणें जरूर आहे. सांधे दुखणाऱ्या सर्वच विकारांना आपण सरसकट 'संधिवात' म्हणतों. पण त्यांत निरनिराळ्या जाती आहेत. वयोमानानें गुडघ्यांतील कूर्चा झिजते ती एक. रक्तांत यूरिक ॲसिड सांचून पायाचा आंगठा एकाएकीं लाल होऊन ठणकूं लागतो तो गाउट दुसरा. आणि रेन्वारला जडला तो तिसरा. ह्यांत शरीराची स्वसंरक्षणाची शक्तीच चुकून स्वतःच्या सांध्यांच्या आंतील अस्तरावर उलटते. तें अस्तर सुजतें, जाड होतें, आणि शेजारची कूर्चा व हाड पोखरीत जातें. बहुधा हातापायांचे लहान सांधे आधीं धरतात, आणि तेहि दोन्ही बाजूंचे. सकाळीं अंग असें आंखडलेलें असतें कीं तास दोन तास मूठ मिटत नाहीं. जोडीला थकवा, बारीक ताप, अन्नावरील वासना उडणें हीं लक्षणें असतात. कारण रोग सांध्यांत दिसला तरी असतो तो सर्व शरीराचा. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या माधवकरानें आपल्या 'माधवनिदाना'त आमवाताचें स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. त्यांत सांध्यांच्या सुजेबरोबर अरुचि, आळस, जडपणा व ज्वर हींहि सांगितलीं आहेत. ती व्याधि आणि आजच्या वैद्यकांतील ही व्याधि अक्षरशः एकच, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि दोहोंतील हें साम्य उघड आहे, आणि मराठींत ह्या रोगाला आमवात म्हणण्याचा प्रघातहि पडला आहे.

युरोपांतील वैद्यकांत ह्या रोगाला वेगळें अस्तित्व मिळालें तें १८०० सालीं. पॅरिसमधील साल्पेत्रिएर ह्या गरीब स्त्रियांच्या प्रचंड रुग्णालयांत लांद्रे-बोव्हे नांवाचा तरुण वैद्य काम करीत असे. सांधे सुजून वांकडे झालेल्या नऊ स्त्रिया त्यानें पाहिल्या आणि त्यांजवर आपला प्रबंध लिहिला. गाउट हा खाऊनपिऊन सुखी अशा श्रीमंत पुरुषांचा रोग, अशी त्या काळची समजूत होती. ह्या तर दरिद्री आणि अशक्त स्त्रिया! तेव्हां हा रोग निराळाच असला पाहिजे, असें त्याला वाटलें. पुढें १८५९ सालीं आल्फ्रेड गॅरॉड ह्या इंग्रज वैद्यानें आपल्या ग्रंथांत त्याला 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हें नांव सुचविलें. योगायोग असा कीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचें शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तकहि त्याच सुमारास, १८५९-६० मध्यें, निघालें. एका पुस्तकानें रोगाला नांव दिलें. दुसऱ्यानें रोग्याजवळ बसणाऱ्याच्या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. पुढील कित्येक वर्षें पहिल्या वाटेनें जाणाऱ्यांच्या हातीं फारसें कांहीं लागलें नाहीं, आणि सारा भार दुसरीच्या वाटेवर पडला. रेन्वारचें दुखणें नेमकें ह्या काळांतलें.

रेन्वारचा जन्म १८४१ सालीं लिमोज येथें एका शिंप्याच्या घरीं झाला. तेराव्या वर्षीं तो पॅरिसमध्यें चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढण्याच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. बशीच्या कांठावरील बारीक फुलें रंगवितां रंगवितां त्याच्या बोटांना जें वळण लागलें, तें जन्मभर टिकलें. १८७४ सालीं पॅरिसमध्यें ज्या प्रदर्शनानें चित्रकलेंत नवें युग सुरू केलें त्यांत मोने, देगा, पिसारो ह्यांच्या बरोबरीनें त्याचींहि चित्रें होतीं. पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे १८९२ च्या आगेंमागें, त्याचे सांधे प्रथम धरूं लागले. १८९७ सालीं एस्वा ह्या बायकोच्या गांवीं तो सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. हात जुळून आला, पण त्यानंतर दुखण्यानें जोर धरला. घरच्यांच्या मनांत ह्या दोन गोष्टींची सांगड कायमची बसली. आपल्याकडेहि सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रारंभ अमक्या लग्नांतल्या घसरण्यापासून मोजला जातोच. आजचें वैद्यक पडण्याला रोगाचें कारण मानणार नाहीं. परंतु दुखण्याला कोठें तरी आरंभ असावा, ही मनुष्याच्या मनाची गरज आहे.

वैद्यांनीं उष्ण हवा सांगितली. रेन्वार हिंवाळ्यांत दक्षिणेकडे जाऊं लागला. उन्हाच्या पाण्याच्या झऱ्यांवर स्नानें झालीं, अंटिपायरीनच्या पुड्या झाल्या. १८९९ पासून ॲस्पिरिन बाजारांत आलें होतें. वेदना थोडी उतरविण्यापलीकडे त्याचीहि शक्ति नव्हती. सांधे वांकडे होत जाण्याची क्रिया थांबवील असें एकहि औषध त्या काळीं जगांत नव्हतें. प्रथम एक काठी आली, मग दोन, मग कुबड्या, आणि १९१० नंतर चाकांची खुर्ची. १९०७ सालीं त्यानें कान्य येथील 'ले कोलेत' नांवाची जागा विकत घेतली. तेथील फार जुने ऑलिव्हचे वृक्ष कुऱ्हाडीखालीं जाणार होते, ते वांचावे हा खरेदींतील एक हेतु होता. तेथें नवें घर बांधलें आणि १९०८ सालीं कुटुंब राहावयास आलें. तें घर व ती बाग आज संग्रहालय म्हणून राखलेलीं आहेत. चित्रशाळेंत त्याची चाकांची खुर्ची अजून उभी आहे.

आतां त्या हातांविषयीं. बोटें तळव्याकडे वळून घट्ट बसलीं होतीं, आंगठा आंत ओढला गेला होता, मनगटें ताठ झालीं होतीं. तळहातांत पट्ट्या गुंडाळलेल्या असत. ह्या पट्ट्यांवरून पुष्कळ दिवस अशी दंतकथा चालत आली आहे कीं रेन्वारच्या हाताला कुंचला बांधावा लागे. ती खरी नव्हे. आंत वळलेल्या बोटांनीं आणि कुंचल्याच्या दांड्यानें तळव्याची नाजूक त्वचा सोलवटूं नये म्हणून पूड लावून तेथें मऊ कापड ठेवलेलें असे. कुंचला तो स्वतःच धरी. मात्र तो त्याच्या बोटांत दुसऱ्या कोणी तरी बसवून द्यावा लागे. साशा गित्री ह्यानें १९१५ सालीं घेतलेलें एक लहानसें चलच्चित्र उपलब्ध आहे. त्यांत म्हातारा रेन्वार भराभर रंग लावीत आहे आणि शेजारीं उभा असलेला तेरा-चौदा वर्षांचा धाकटा मुलगा क्लोद त्याच्या हातीं कुंचला देत आहे, असें दिसतें. शुश्रूषेचा सारा मर्म ह्या एका दृश्यांत आहे. मुलगा बापासाठीं चित्र काढीत नाहीं. बापाला तें काढतां यावें एवढेंच पाहतो.

ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. दुखणाइताजवळ बसणाऱ्या माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. एक, लक्ष न देण्याची. ती सर्वांना कळते. दुसरी, सगळेंच आपण करून टाकण्याची. ती प्रेमानें होते म्हणून कळत नाहीं. गुंडी लावावयास दुखणाइताला दहा मिनिटें लागत असतील तर आपण ती क्षणांत लावून मोकळे होतों, कारण आपल्याला पुढचीं कामें असतात. पण न वापरलेला सांधा लवकर आंखडतो, न वापरलेला स्नायु वाळतो, आणि पाहतां पाहतां दहा मिनिटांत होणारें काम मुळींच होईनासें होतें. उलट, होत नसलेलें काम करावयास लावणें हाहि छळच. ह्या दोन कडांमधली वाट रोज नव्यानें शोधावी लागते. कारण हें दुखणें रोज सारखें नसतें. काल ज्या हातानें पेला उचलला तो आज उचलीत नाहीं, आणि घरच्यांना तें ढोंग वाटूं लागतें. ह्या रोगाच्या चढउताराइतका गैरसमज दुसऱ्या कशानेंहि होत नसेल.

कान्यच्या घरानें ही वाट बरीच नीट शोधलेली दिसते. रेन्वारला जितकें करतां येई तितकें त्याजकडे ठेवलेलें होतें, आणि जें करतां येत नसे त्यासाठीं वस्तूंना वळण लावलेलें होतें. रंगांची पाटी मांडीवर येईल अशी बेतलेली असे. मोठ्या चित्रावर वरच्या अंगाला हात पोंचत नसे, म्हणून कॅनव्हास दोन रुळांवर गुंडाळून फिरकीनें वरखालीं करतां येईल असा सांगाडा केला होता; चित्रकारानें चित्राकडे जाण्याऐवजीं चित्रच त्याच्यापुढें येई. बागेंत काम करतां यावें म्हणून काचेची एक लहानशी चित्रशाळा उभारली होती. खुर्चीला दांडे लावून त्याला डोलीसारखें उचलून झाडांखालीं नेत. बोटें व खांदे चालते राहावेत म्हणून कांहीं वर्षें तो सकाळीं चेंडू झेलण्याचा खेळ खेळे, दोरीला बांधलेला गोळा दांडीच्या टोंकावर अचूक बसविण्याचें मुलांचें खेळणें हाताळी, बिलियर्ड खेळे. वैद्यकशाळेंत आज ज्याला सांध्यांचा व्यायाम म्हणून शिकवितात, तो ह्या गृहस्थानें खेळ म्हणून केला. हात निकामी होत गेले तसे हे खेळ एकामागून एक सुटले. चित्र मात्र सुटलें नाहीं.

दिवसाचीं हीं कामें वर्णनांत येतात. रात्रीचीं येत नाहींत. ज्यांनीं अशा रोग्याची सेवा केली आहे त्यांस ठाऊक असेल कीं खरी परीक्षा रात्रींच असते. सुजलेल्या सांध्यावर चादरीचा भारहि सोसत नाहीं. म्हणून पांघरूण अंगापासून उचलून धरणारी कमान अंथरुणांत ठेवण्याची युक्ति शुश्रूषेच्या पुस्तकांत सांगितलेली असते. कूस स्वतःला बदलतां येत नाहीं. ती कोणी तरी उठून बदलावी लागते, नाहींतर हाडावरची कातडी लाल होऊन चिरते. रेन्वार तर हाडांचा सांपळा झाला होता. उशी गुडघ्याखालीं घेतली कीं बरें वाटतें, पण ती तशीच ठेवीत गेलें तर गुडघा वांकलेलाच राहतो. म्हणजे आजचें सुख आणि उद्यांचें हित ह्यांचा तंटा एका उशीवरून चालतो. शौचास नेणें, अंग पुसणें, नखें कापणें, ह्यांत तर वेदनेबरोबर लाजहि असते. चांगली शुश्रूषा ही लाज राखते. आणि ती राखली जाते तेव्हां बाहेरच्या कोणाला तिचा पत्ताहि लागत नाहीं.

रेन्वारचा मुलगा झां, ज्यानें पुढें बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं 'द रिव्हर' हा चित्रपट घेतला, त्यानें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या बापाच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला आहे. १९१२ च्या सुमारास एक नामांकित डॉक्टर आला आणि मी ह्यांना पुन्हां चालावयास लावीन असें त्यानें घरच्यांस सांगितलें. कित्येक दिवस पौष्टिक आहार व उपचार झाले. मग एके दिवशीं डॉक्टरानें रेन्वारला खुर्चीतून उठविलें. घरचीं सर्व माणसें श्वास रोखून पाहत होतीं. रेन्वार एक पाऊल टाकून दुसरें टाकीत चित्राच्या चौकटीभोंवतीं फिरला आणि खुर्चीशीं परत आला. मग त्यानें डॉक्टरास शांतपणें सांगितलें कीं ह्यांत माझी सारी इच्छाशक्ति खर्च होते, चित्रासाठीं कांहींच उरत नाहीं. चालणें आणि रंगविणें ह्यांत निवड करावयाची तर मी रंगविणेंच पत्करीन. तो खुर्चींत बसला, आणि पुन्हां कधीं उठला नाहीं.

ह्या प्रसंगाकडे आजवर बहुतेकांनीं कलावंताच्या निष्ठेचें उदाहरण म्हणून पाहिलें आहे. मला त्यांतील घरच्या माणसांचें वागणें अधिक विलक्षण वाटतें. बाप चालतो आहे हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें त्यांनीं त्याला खुर्चीत परत बसूं दिलें. आग्रह करणें किती सोपें होतें! 'आणखी चार दिवस नेट धरा,' असें म्हणण्यास कोणाची जीभ वळवळली नसेल? नाइटिंगेलनें आपल्या पुस्तकांत दुखणाइताजवळ बसून आशेची आणि उपदेशाची बडबड करणाऱ्यांवर एक संबंध प्रकरण लिहिलें आहे. ती स्वतः क्रिमियाच्या युद्धानंतर अनेक वर्षें अंथरुणाला खिळली होती, तेव्हां हें प्रकरण अनुभवाचें आहे हें उघड दिसतें. कधीं बरें न होणाऱ्या रोगांत शक्ति मोजकी असते. ती कशावर खर्चावी हें ठरविण्याचा अधिकार रोग्याचा; तो त्याला देणें, आणि मग त्यानें निवडलेल्या कामासाठीं बाकीचें सर्व ओझें आपण उचलणें, हेंच दीर्घ शुश्रूषेचें मुख्य सूत्र होय. कान्यच्या घरानें तें कोठें वाचलें नव्हतें, आचरलें मात्र.

हें ओझें कोणी उचललें? पत्नी अलीन हिनें आधीं. नवें घर, बाग, भाजीपाला, ऑलिव्हचें तेल काढणें, जाणारेयेणारे पाहुणे, सर्व व्यवस्था तिची. ती स्वतः मधुमेहानें आजारी होती. महायुद्धांत थोरले दोघे मुलगे जखमी झाले. झांला पाहण्यास ती रुग्णालयांत गेली, परत आली, आणि १९१५ च्या जूनमध्यें वारली. ज्याची सर्वजण काळजी वाहत होते तो मागें राहिला, आणि काळजी वाहणारी आधीं गेली. ह्यांत अपवादात्मक असें कांहीं नाहीं. पुष्कळ घरांचा हाच अनुभव आहे. दुसरी गॅब्रिएल. ही अलीनच्या नात्यांतली, एस्वाची मुलगी. १८९४ सालीं झांच्या जन्माच्या वेळीं मूल सांभाळण्यास म्हणून सोळा वर्षांची असतांना आली आणि सुमारें वीस वर्षें राहिली. ती चित्रासाठीं बसे, कुंचले धुई, रंग मांडी, आणि रेन्वारच्या बोटांत कुंचला बसवून देई. जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत तिचा चेहरा टांगलेला आहे. पण चित्रांत दिसतो तो चेहरा. तिचे जे हात दररोज कामीं आले, त्यांची नोंद चित्राच्या खालच्या पाटीवर असत नाहीं.

हाताच्या ह्या प्रश्नाला पुढें न्यायालयापर्यंत जाण्याचा योग आला. १९१३ पासून चित्रांचा व्यापारी व्होलार ह्याच्या सूचनेवरून रेन्वारनें शिल्पें करविलीं. त्याचे स्वतःचे हात माती मळण्यास असमर्थ होते. तेव्हां रिशार गिनो नांवाचा तरुण शिल्पकार ठेवला. रेन्वार सांगे, दाखवी, काठीनें खूण करी, गिनो घडवी. शिल्पें रेन्वारच्या नांवावर विकलीं गेलीं. अर्ध्या शतकानंतर, १९६५ सालीं, गिनोनें दाद मागितली, आणि १९७३ सालीं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याचा सहकर्तृत्वाचा हक्क कायम केला. निकाल न्याय्यच म्हटला पाहिजे; गिनोच्या हातांनीं स्वतः आकार दिला होता. गॅब्रिएलनें किंवा क्लोदनें कुंचला हातीं दिला म्हणून तीं चित्रें त्यांचीं झालीं असें कोणी म्हणणार नाहीं. तरीहि तीं नसतीं तर तीं चित्रें झालीं नसतीं, हेंहि तितकेंच खरें. कर्त्याचें श्रेय वांटून द्यावयास कायदा आहे. शक्य करून देणाऱ्याच्या श्रेयाला कायद्यांत जागा नाहीं. तें इतिहासानेंच द्यावयाचें असतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रेन्वारजवळ पैसा होता. उतारवयांत त्याच्या चित्रांना मोठ्या किंमती येऊं लागल्या होत्या. बाग, नोकर, काचेची चित्रशाळा, हें सर्व त्यांतून झालें. साल्पेत्रिएरच्या त्या नऊ स्त्रियांना ह्यांतलें कांहींच नव्हतें. रोग एकच, पण एकाला घर मिळालें, नऊ जणींना रुग्णालयांतील खाटा. म्हणून केवळ रेन्वारच्या मनोबलाचे गोडवे गाणें हें अर्धसत्य आहे. मनोबल त्या स्त्रियांपाशींहि असेल. त्यांच्या बोटांत कुंचला, सुई किंवा चमचा बसवून देणारें कोणी असलें पाहिजे होतें.

औषधांचा पुढील इतिहास आनंदाचा आहे. १९२९ सालीं फ्रान्समधील फोरेस्तिए ह्यानें सुवर्णाच्या क्षारांचा उपाय पुढें आणला. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच व त्याचे सहकारी ह्यांनीं आमवातानें अंथरुणास खिळलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला, पुढें कॉर्टिसोन म्हणून प्रसिद्ध झालेलें द्रव्य टोंचलें. थोड्याच दिवसांत ती उठून चालूं लागली आणि बाजारांत खरेदीस गेली. १९५० सालीं हेंच, केंडल व राइख्श्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. कॉर्टिसोन दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते, इत्यादि अपाय लवकरच ध्यानांत आले आणि पहिला उत्साह ओसरला. १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्नली ह्यानें खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला. १९८० नंतर मेथोट्रेक्सेट आणि शतकाच्या अखेरीस रोगाच्या मुळाशींच असलेलें एक विशिष्ट द्रव्य अडविणारीं औषधें आलीं. आज हा रोग लवकर ओळखून नीट उपचार केले तर रेन्वारसारखे हात होण्याची वेळ बहुतेकांवर येत नाहीं. हा मोठाच पराक्रम आहे.

परंतु 'लवकर ओळखून' ह्या दोन शब्दांतच सारी गोम आहे. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांना दुप्पट-तिप्पट प्रमाणांत होतो, आणि तोहि बहुधा ऐन संसाराच्या वयांत. आपल्या घरांत दुखणाइताची उठाठेव करणारी स्त्रीच असते. तिलाच दुखणें आलें तर तिची उठाठेव कोण करणार? कणीक मळतांना मनगट दुखतें, धुणें पिळतांना बोटें वळत नाहींत, पाटावरून उठतांना जमिनीला हात टेकावा लागतो. ती तें कोणाला सांगत नाहीं, आणि सांगितलें तर 'वाताचें असेल, तेल लाव' ह्यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. सकाळच्या त्या आंखडलेल्या पहिल्या तासांतच घरांतलीं सर्वांत जास्त कामें तिच्यावर येऊन पडतात. तिच्या आखडण्याला आळस म्हणण्यापूर्वीं घरच्यांनीं दोन गोष्टी कराव्यात: सहा आठवडे सूज टिकली तर वाट न पाहतां तिला तज्ज्ञ डॉक्टराकडे न्यावें; आणि ओट्याची उंची, नळाची तोटी, भांड्याचे कान, शौचकूपाची बैठक ह्यांकडे तिच्या हातापायांच्या दृष्टीनें एकदां पाहावें. कान्यच्या घरीं चित्राचा सांगाडा माणसासाठीं बदलला. आपल्याकडे तोटीची मूठ बदलण्यासहि कित्येक वर्षें लागतात.

१९१९ सालीं, मरणापूर्वीं थोडेच महिने, रेन्वारला खुर्चीत बसवून पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत नेलें. ज्या जुन्या आचार्यांचीं चित्रें पाहून तो तरुणपणीं शिकला होता, तीं त्यानें दालनादालनांतून उचलून नेणाऱ्यांच्या खांद्यांवरून पाहिलीं. त्याच सुमारास त्याचें न्हाणाऱ्या स्त्रियांचें मोठें चित्र पुरें झालें. तें आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहे. त्यांतलीं अंगें भरलेलीं, सैल आणि सुखी आहेत. कोठेंहि एक सांधा आंखडलेला नाहीं. ३ डिसेंबर १९१९ रोजीं तो कान्य येथें वारला. चित्रापुढें उभा राहणारा रसिक त्याच्या विजयाचें कौतुक करतो, आणि तें योग्यच आहे. मात्र त्या कौतुकांतील थोडा वांटा एस्वाच्या त्या मुलीला, मधुमेहानें खंगलेल्या त्या पत्नीला आणि खुर्चीशेजारीं कुंचले घेऊन उभ्या असलेल्या त्या पोराला द्यावा. आणि घरीं परतल्यावर आपल्या घरांत अशा कामाला कोण उभें आहे, हें एकदां नीट पाहून घ्यावें.